झोपाळ्याची तुळई आणि व्यायामाचा पट्टा: देवगडच्या एका घरातलं काम

देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत एक जुनं चिरेबंदी घर आहे. मार्चमध्ये तिथून फोन आला. "दादा, छताला लावलेली प्लेट निघाली आणि मी पडले. फार लागलं नाही, पण आता घरात कुणाला पट्ट्याला हात लावू देत नाहीये. येऊन बघाल का?"

फोन करणाऱ्या ताई शाळेत खेळ शिकवतात. खांद्याच्या दुखण्यावर फिजिओथेरपिस्टने त्यांना सस्पेन्शन ट्रेनरवरचे व्यायाम दिले होते. वरच्या एका बिंदूला अडकवलेले दोन पट्टे, खाली मुठी, आणि आपल्याच शरीराचं वजन. टीआरएक्स ह्या ब्रँडमुळे आपल्याकडे सगळ्यांना सरसकट टीआरएक्सच म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या सील दलातल्या रँडी हेट्रिकने पहिला पट्टा जुजुत्सूचा कमरपट्टा आणि पॅराशूटची नाडी जोडून केला होता. पट्टा सहसा तुटत नाही. जे काही होतं ते पट्टा जिथे अडकवलाय तिथे होतं, आणि नेमका तोच भाग घेणाऱ्याच्या हाती सोपवलेला असतो.

मी कणकवलीत राहून जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो. व्यायामाचं मला कळत नाही. छतातून भार कुठून कुठे जातो ते कळतं, आणि ह्या कामाला तेवढं पुरेसं होतं.

आधी पडण्याचं. प्लेट लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीत, लावलेली होती. लोट्याला उतरतं छप्पर आहे: फणसाचे वासे, वर रीप, त्यावर मंगलोरी कौलं. दोन वर्षांपूर्वी खालून पीव्हीसीचं सीलिंग मारलं होतं. ऑनलाइन आलेल्या प्लेटबरोबर चार स्क्रू होते. बसवणाऱ्याने सीलिंगमधून ठोकून वासा शोधला आणि चारही स्क्रू पिळले. तिसऱ्या दिवशी ताई मागे झुकून दोन्ही हातांनी ओढत असताना प्लेट सुटली. त्या पाठीवर पडल्या आणि प्लेट डोक्यापासून वीतभर अंतरावर लादीवर आदळली. लादीचा आठाण्याएवढा टवका उडालाय, तो मी बोटाने चाचपून पाहिला.

ते चार स्क्रू त्यांनी डबीत जपून ठेवले होते, हे फार चांगलं केलं. स्क्रूची लांबी ३५ मिमी. त्यातली प्लेटची जाडी, सीलिंगचा पत्रा आणि त्यामागची पोकळी वजा केली तर लाकडात जेमतेम १५ मिमी गेला होता. दोन स्क्रूंच्या आट्यांत तांबूस पिवळा भुसा घट्ट बसलेला होता, फणसाच्या चांगल्या लाकडाचा. उरलेल्या दोघांत राखाडी पीठ होतं, फुंकर मारली की उडणारं. म्हणजे ते दोन वाशाच्या कडेच्या चिरेत, किडीने खाल्लेल्या भागात गेले होते आणि पहिल्या दिवसापासून शोभेला होते. शिवाय छप्पर उतरतं असल्यामुळे प्लेटही तिरकी होती. ओढ सरळ खाली न येता प्लेटला एका कडेने उचकटत होती, आणि चार स्क्रूंचं काम एका वेळी दोघांवर पडत होतं.

ज्या मुलाने ते बसवलं तो समोरच उभा होता, चेहरा पडलेला. त्याला मी दोष दिला नाही. सीलिंगच्या आड वासा दिसतच नव्हता. अशा छताला जे दिसत नाही त्यात काहीही पिळायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं.

पण लांब स्क्रू मारले असते तरी चाललं असतं का? मी तिथेच वहीवर हिशेब मांडला, कारण ताईंच्या यजमानांचा पहिला प्रश्न तोच होता. घरात सगळ्यात जड ते, ८४ किलो. मी ९० धरले. उभं राहून मागे झुकताना पट्ट्यावर पूर्ण वजन येत नाही. पण पाय घसरला, कुणी झटक्याने लोंबकळलं, की अचानक आलेला भार स्थिर वजनाच्या निदान दुप्पट होतो. घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि तो लोंबकळणार हे गृहीतच धरायला हवं. म्हणून तिप्पट धरून, वर थोडं ठेवून ३०० किलो, म्हणजे साधारण ३००० न्यूटन.

लोट्याचा वासा ६५ बाय १०० मिमीचा, आढ्यापासून भिंतीपर्यंत ३ मीटर. मधोमध ३००० न्यूटन लटकवले तर वाशात वाकण्याचा ताण येतो चौरस मिलिमीटरला जवळपास २१ न्यूटन, आणि ह्यात कौलांचं वजन अजून धरलेलंच नाही. जुन्या घरातल्या चांगल्या सागालाही मी १० ते १२च्या पुढे जाऊ देत नाही. तेव्हा स्क्रू आणखी घट्ट बसले असते तर प्लेट निघण्याऐवजी एखाद दिवशी वासाच मोडला असता, कौलांसकट.

मग घरातली बाकीची छतं पाहिली. एकाच घरात चार प्रकारची छतं. आपल्याकडे हे आता नेहमीचंच झालंय: जेव्हा जे पडलं तेव्हा जे परवडलं ते घातलं.

पडवी मे २०२१च्या तौक्ते वादळात उडाली होती. तिथे आता रंगीत पत्रा आणि खाली चौकोनी लोखंडी पाइप आहेत. पाइप बाहेरून चकचकीत दिसतात, पण जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. आरपार बोल्ट घालून आवळला की पोकळ पाइप चेपतो, आणि खाऱ्या हवेत गंज आतून धरतो, तो बाहेरून दिसत नाही. एका जोडाच्या वेल्डिंगला मी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. ती जागा तिथेच सोडली.

स्वयंपाकघराला स्लॅब आहे, नव्वदीच्या दशकातला. सगळ्यांना वाटत होतं की हीच पक्की जागा, आणि पंख्याचा हुक तर तयारच आहे. ह्या हुकाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. चार-पाच किलोच्या पंख्यासाठी सळईला वाकवून घातलेला तो तुकडा असतो. तो आत किती गेलाय, कशाला अडकलाय, किती उरलाय, हे खालून कुणालाच कळत नाही. हातोडीच्या दांड्याने मी स्लॅबवर ठोकत गेलो. भिंतीकडे टणक आवाज, मध्ये हुकाच्या भोवती दीड-दोन फुटांत भद्द. तिथे तपकिरी डागही होता. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून सुटं करतो. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ ह्या २०००च्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी निदान एम ३० प्रत आणि सळईवर ४५ मिमी आवरण सांगितलंय. त्या काळात घरगुती स्लॅबला १५-२० मिमी आवरण मिळालं तरी नशीब.

केमिकल अँकर, म्हणजे भोकात गोंद भरून बसवायचा बोल्ट, मारू या, असंही यजमानांनी सुचवलं. फुगलेल्या काँक्रीटला गोंद कितीही चांगला लावला तरी तो फुगलेल्या काँक्रीटलाच धरून राहणार. आणि डोक्यावर लटकणाऱ्या भाराला गोंदावर विसंबण्याचा अनुभव जगाने घेतलाय: १० जुलै २००६ रोजी बोस्टनमधल्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे तक्ते चालत्या गाडीवर कोसळले आणि एक बाई गेली. चौकशीत निघालं की अँकरचं इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू सरकत आलं होतं. घरातला पट्टा म्हणजे बोगद्याचं छत नाही, हे मान्य. पण तपासून घेतल्याशिवाय वरच्या दिशेला गोंद, हे मी घरगुती कामात करत नाही.

भिंतीत ब्रॅकेट मारायचा विचारही झटकन बाजूला पडला. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेने टणक होतो, पण त्याची छिद्रं राहतातच. फास्टनर आवळताना फुगतो तेव्हा चिरा आतून चुरतो, आणि ह्या भिंतींची जुळणी मातीत केलेली आहे.

राहिलं माजघर. माजघरावर माळा आहे आणि माळ्याखाली दोन तुळया. त्यातल्या एकीला झोपाळा. ताईंचे सासरे, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, इतका वेळ झोपाळ्यावर बसूनच आमची वरात बघत होते. मी माजघरात आल्यावर त्यांनी वर बोट दाखवलं. "ह्या कड्यांका लाव रे. तीन पिढये झुलले हेच्यार, कायएक जावक नाय."

अण्णांचं अर्धं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ती तुळई किंजळाच्या लाकडाची, १५० बाय २०० मिमी, भिंतीपासून भिंतीपर्यंत ३.६ मीटर. तोच ३००० न्यूटनचा भार एका टोकापासून १.२ मीटरवर धरला, बोल्टचं भोकही वजा केलं, तरी ताण येतो २.६ ते २.७. वाशाच्या एक अष्टमांश. शिवाय तुळईची खालची बाजू लादीपासून पावणेनऊ फुटांवर. ह्या पट्ट्यांना ७ ते ९ फुटांची उंची लागते, तीही बसली. आणि ज्याने त्या कड्या घातल्या त्याला काम कळत होतं. कडीचा दांडा तुळईतून आरपार वर गेलाय, माळ्यावर त्याखाली जाड लोखंडी चकती आहे आणि दांड्याचं टोक तापवून ठोकून चपटं केलंय. लाकडाने दांडा धरून ठेवावा अशी अपेक्षाच नाही. भार वरून तुळईच्या पाठीवर बसतो. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या अनोळखी लोहाराला मनातल्या मनात हात जोडले.

पण कड्या वापरायच्या नव्हत्या. जाडी मोजायचा व्हर्नियर लावून अण्णांना दाखवलं. दांडा वर २० मिमी. आणि झोपाळ्याची साखळी जिथे घासते तिथे खाच पडून १३ मिमी उरलेला. झुलून झुलून लोखंडाची वाटी झालेली, आतून आरशासारखी गुळगुळीत. झोपाळ्याला दोन कड्या असतात आणि तो एकाच दिशेत झुलतो. पट्टा एकाच बिंदूला लटकतो आणि माणूस त्याला कोणत्याही बाजूला तिरका ओढतो. कडीचं तोंड उघडं असलं तर ढिला पडलेला पट्टा उडून बाहेर येऊ शकतो. अण्णांनी बोट त्या खाचेत फिरवलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, झोपाळ्याच्या कड्यापण बदलून घे.

आता तुळईच्या टोकांकडे वळलो, आणि खरं काम तिथे निघालं. तुळई मधोमध क्वचितच सडते. सडते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण तिथे ओल येते आणि वारा पोचत नाही. पूर्वेकडच्या टोकाला पेचकस टोचला, लाकडाने तो परत फेकला. पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, खालच्या कडेला टोचला आणि पेचकस इंचभर आत गेला, शिळ्या भाकरीत बोट जावं तसा. बाहेर काढल्यावर टोकाला ओलसर काळपट गाळ आणि कुबट वास. माळ्यावर चढून पाहिलं तर भिंतीवरच्या दोन कौलांना तडा होता. तौक्तेत सरकलेली कौलं परत बसवताना ती तशीच घातली गेली होती. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याचं पाणी भिंतीवरून उतरून तुळईच्या टोकात मुरत होतं, आणि त्याच तुळईवर अण्णा रोज दुपारी झुलत होते.

ही गोष्ट पट्ट्यापेक्षा मोठी होती. मी ताईंना स्पष्ट सांगितलं की पट्टा लावा किंवा लावू नका, हे टोक पावसाच्या आत धरायलाच हवं.

कसं धरलं ते सांगतो. मोडलेल्या पडवीचे दोन खांब गोठ्याच्या मागे पडून होते, सागाचे, पाच इंची. एकाला वाळवी लागलेली, दुसरा ठोकल्यावर घंटेसारखा वाजला. मेस्त्रीमामांनी त्याची खालची वीतभर लांबी कापून टाकली आणि काळ्या दगडाचा तळखडा लादीखालच्या पक्क्या थरावर बसवला. दगड आणि खांब ह्यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा तुकडा घातला, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. मग पश्चिमेच्या भिंतीला लागून खांब तुळईखाली उभा केला. ओळंबा धरून दोन बाजूंनी पाहिलं. वर सागाच्या दोन पाचरी समोरासमोरून हळूहळू ठोकल्या, तुळई केसभर उचलली गेल्याचं जाणवेपर्यंत, त्याहून जास्त नाही. पाचर जास्त ठोकली तर वरचं छप्पर हलतं. सडका भाग खरवडून काढला, टोकाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण तीनदा पाजलं, कौलं बदलली. ह्याला दोन दिवस गेले. पट्ट्याच्या बोल्टला दीड तास लागला.

बोल्टची जागा पूर्वेच्या, निकोप टोकापासून १.२ मीटरवर ठरवली. तिथे लटकवलेल्या भाराचा दोन तृतीयांश वाटा पूर्वेच्या भिंतीवर जातो आणि एक तृतीयांशच पश्चिमेकडच्या नव्या खांबावर. झोपाळ्याच्या कडीपासूनही ती जागा दोन हात लांब पडते. भोक तुळईच्या रुंदीच्या बरोबर मधोमध, वरून खाली, ओळंब्यात. मेस्त्रीमामांनी आधी बारीक बिट आरपार घालून वर-खाली दोन्ही टोकं मध्यावर आल्याची खात्री केली आणि मगच १३ मिमीचं बिट चालवलं. बाहेर पडलेला भुसा शेवटपर्यंत कोरडा, गर्द तपकिरी. तो तळहातावर घेऊन त्यांनी मला दाखवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सामान निवडताना समुद्र लक्षात ठेवावा लागतो. आय-बोल्ट, म्हणजे टोकाला गोल डोळा असलेला बोल्ट, १२ मिमीचा, डोळा बंद आणि घडवलेला. सळई वाकवून केलेला स्वस्त डोळा ओढीने उघडतो, तो चालत नाही. धातू एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६. दुकानात सहसा ३०४ मिळतं आणि तेही चकचकीतच असतं, पण ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत तोच फरक दिसतो. वरची १०० बाय १०० मिमीची, ८ मिमी जाड प्लेटही एसएसचीच घेतली. स्टेनलेस बोल्टखाली साधी लोखंडी प्लेट ठेवली तर ओलसर खाऱ्या हवेत प्लेटचा बळी जातो. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर मध्येच जाम होतात आणि मग ना पुढे जात ना मागे, म्हणून थोडं ग्रीस लावलं. माळ्याची एक फळी काढून वरून प्लेट, वायसर, नायलॉनचं कडं असलेला नट, आणि त्यावर दुसरा नट. ह्यातलं बरंचसं देवगड बंदराजवळ, बोटींचं सामान मिळतं तिथे मिळालं. शॅकल, म्हणजे बोल्टच्या डोळ्यात अडकवायची कडी, मात्र वजनाचा आकडा कोरलेलाच घ्यायचा हे मी बजावून सांगितलं होतं. आकडा नसलेला शॅकल दिसायला कितीही दणकट असो, त्याच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसतं.

मग चाचणी. झोपाळ्याची फळी साखळीने नव्या बोल्टला अडकवली, लादीपासून चार बोटं वर, म्हणजे काही झालंच तर पडायला जागाच नाही. त्यावर सिमेंटच्या पोत्या एकेक करून ठेवत गेलो, ५० किलोच्या सहा. प्रत्येक पोत्यानंतर पाच मिनिटं थांबायचं, कान तुळईकडे लावायचे, आणि माजघरात फक्त मी आणि मेस्त्रीमामा. तुळईच्या बाजूला एक पातळ पट्टी टाचून तिच्या टोकाशी भिंतीला टेकवलेल्या काठीवर पेन्सिलची खूण केली होती. हिशेबाने तुळई अडीच मिलिमीटरपर्यंत लवायला हवी होती. सहा पोत्यांवर ती ३ मिमी लवली. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पोत्या उतरवल्यावर खूण अर्ध्या मिलिमीटरच्या आत परत आली. पाचरी हलल्या नव्हत्या, प्लेटखाली लाकूड दबलं नव्हतं.

एक अट मात्र घातली. ओढायचं ते तुळईच्या लांबीच्या दिशेने. तुळईला काटकोनात ओढलं तर ती पिळली जाते, आणि भिंतीत तिची टोकं नुसती टेकलेली आहेत, कशाने बांधलेली नाहीत. ४५ अंशांच्या तिरक्या ओढीत ३०० किलोंपैकी २१० किलो जमिनीला समांतर लागतात. लांबीच्या दिशेने तुळई ते सहज पेलते, कारण दोन्ही टोकांना भिंती आहेत. ताईंनी लादीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारली आणि मुलाला त्यावर उभं करून दाखवलं. तो लगेच लोंबकळला. मी काही बोललो नाही, त्याच्यासाठीच तर तिप्पट धरलं होतं.

पावसाळ्यात किंजळ फुगतं, शिमग्यापर्यंत आकसतं. म्हणून वर्षातून दोनदा माळ्यावर चढून नट तपासायचा, असं ठरवून दिलंय. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः गेलो तेव्हा बोल्ट जागच्या जागी होता, नट घट्ट. पश्चिमेच्या टोकाला पेचकस टोचला तर पूर्वीची मऊ कड वाळून टणक झालेली, ओल नाही. डोळ्याच्या आतल्या बाजूला घासल्याची पुसटशी चमक होती. तिथे किती मिलिमीटर आहे ते व्हर्नियरने मोजून मी माळ्याच्या फळीवर खडूने लिहून ठेवलं, तारखेसह.

त्याआधी गणपतीत पट्टा कॅराबिनर, म्हणजे त्याची उघडझाप होणारी कडी, उघडून खाली आला आणि कपाटात गेला. माजघरात गणपती बसतो तो पूर्वेच्या भिंतीशी, आणि वर माटवी, म्हणजे फळंपानं टांगायची चौकट, लागते. अण्णांनी माटवीची पुढची दोरी ह्या नव्या डोळ्यातून घ्यायला लावली. नारळ, शिपटं, तवशी, कवंडळं, सगळं धरून पंधरा-वीस किलो असेल. ताईंनी मला त्याचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, चालेल ना?"

मी कळवलं, चालेल.